बदलीचे गाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नव्या गावी संसार कसा रुजवावा, यावर चार शब्द बोला, अशी चिटणीसबाईंची आज्ञा आहे. बाहेरगावाहून धुळ्यास आलेल्या बऱ्याच भगिनी यंदा मंडळात आल्या आहेत, त्यांच्यासाठी हा विषय. पण पहिली दोन वर्षे मला स्वतःलाच ही गोष्ट साधली नव्हती, हे आधी कबूल करते.

१९६८ च्या जूनमध्ये आम्ही रत्नागिरीहून जळगावास आलो. ह्यांची सरकारी नोकरी. तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. म्हणून मी एक पत्र्याची ट्रंक उघडलीच नाही. तीत मोठी भांडी, जुनी लुगडी, माझी विणकामाची पिशवी. उगाच काढा आणि उगाच भरा कशाला, असे मी म्हणे. नारळ नाही, मासळी नाही. पाऊस म्हणाल तर आमच्याकडे आषाढात एका महिन्यात पडतो तेवढा येथे वर्षात पडत नाही. आणि वैशाखातले ऊन! आईला दर आठवड्याला पत्र जाई, त्यात हेच रडगाणे.

धाकटी मुलगी तेव्हा सात वर्षांची. शेजारच्या मावशींनी तिला सहज विचारले, "पोरी, तुझे गाव कोणते?" ती म्हणाली, "आम्हांला गाव नाही. आमची बदली आहे." मावशी हसल्या. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. पोरीने हे वाक्य कोठून उचलले, ते मला पुरते ठाऊक होते.

पुढच्या चैत्रात मावशींनी बिबडे करायला हाक मारली. आपल्यापैकी खानदेशच्या लेकींना हे काय सांगायचे! पण नव्यांसाठी सांगते. ज्वारी भिजवून, वाळवून, भरडून ठेवायची. पहाटे चारला मोठ्या पातेल्यात आधण ठेवून तिखट, मीठ, तीळ, लसूण घालून घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने पसरायचा. ऊन चढण्याच्या आत काम उरकले पाहिजे. वाळले, की कापडाला मागून पाणी लावून सोडवायचे. हे एकटीचे काम नव्हे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या, अशा पाळ्या असतात. माझी बोटे भाजली, बिबड्यांना नाना देशांचे आकार आले; पण वाटीभर गरम घाट्यावर कच्चे तेल घालून मावशींनी पुढे केले, ती चव अजून जिभेवर आहे.

उठताना त्या म्हणाल्या, "बाई, शुक्रवारी तुमच्याकडे." आली का पंचाईत! मोठे पातेले ट्रंकेत, पसरायला लागणारी जुनी लुगडी ट्रंकेत. गुरुवारी रात्री ट्रंक उघडली आणि शुक्रवारी पहाटे आईची लुगडी जळगावच्या धाब्यावर पसरली. ट्रंकेत परत भरण्यासारखे मग काही उरलेच नाही.

विणकामाची पिशवीही बाहेर आली. दुपारी मावशींच्या ओट्यावर बसायचे, हे ठरून गेले. मी विणायची, त्या निवडणे-टिपणे करायच्या. त्यांचा एखादा शब्द अडला, की मी वहीत टिपून ठेवी. त्यांच्याच तोंडून मी बहिणाबाई चौधरींविषयी प्रथम ऐकले. आसोदे गाव जळगावपासून जेमतेम दोन कोसांवर. तेथली तेरा वर्षांची मुलगी जळगावात नांदायला आली. पुढे तिशीत वैधव्य आले. लिहिता-वाचता येत नव्हते. जाते, चूल आणि वावर यांच्यातच गाणी होत गेली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि दुसऱ्या वर्षी गाण्यांचे पुस्तक निघाले. मला वाटे, दोन कोस म्हणजे काय मोठे अंतर! मावशी म्हणाल्या, तेरा वर्षांच्या पोरीला दोन कोस पुष्कळ होतात.

माझ्याच मुलुखातले साने गुरुजी. दापोली तालुक्यातले पालगड त्यांचे गाव. १९२४ साली ते अमळनेरास शिक्षक म्हणून आले. कोकण त्यांच्या मनातून कधी गेले नाही, हे 'श्यामची आई' वाचणाऱ्यांना सांगायला नको. तरी अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. दैनिक, बरे का! नुसती हळहळ करीत बसणाऱ्याला रोज अंक काढायला सवड कोठून होणार? हे कळल्यावर माझी आठवड्याची रडकी पत्रे मला जरा लाजिरवाणी वाटू लागली.

१९७४ मध्ये धुळ्यास बदली झाली. येथे गल्ल्यांना आकडे! चौथ्या गल्लीत जायचे ते मी पाचवीत शिरे, आणि सगळे रस्ते इतके सरळ की चुकले तरी चुकल्यासारखे वाटत नसे. जळगावात कानावर पडलेली बोली निराळी, येथली अहिराणी निराळी. भाजीवाली 'शे' म्हणाली म्हणजे 'आहे', आणि 'आठे' म्हणजे 'येथे', हे कळेपर्यंत आठ दिवस गेले. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, हे शेजारणीच्या बारशात शिकले. वही दुसरी सुरू केली. ट्रंक मात्र पहिल्याच दिवशी रिकामी केली.

ह्यांच्या निवृत्तीनंतर रत्नागिरीस परत जायचा विचार निघाला होता. तेव्हा धाकटीनेच पत्रातून विचारले, "मग मी माहेरी कोठे यायचे?" आम्ही येथेच राहिलो.

ती ट्रंक अजून आहे. बिजागरी गेली आहे, पण उन्हाळ्याचे बिबडे तीतच राहतात. आज चहाबरोबर ठेवले आहेत ते त्यातलेच. यंदा हात थरथरतो, मीठ किंचित जास्त पडले आहे. तेवढे सांभाळून घ्यावे.