सैनिकांचें स्मरण व आपलीं कुटुंबें



आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत देशाचा इतिहास दगडांत उभा आहे. सिंदखेड राजा येथें १५९८ सालीं जिजाबाईंचा जन्म झाला. त्याच गांवीं त्यांचे वडील लखुजी जाधवराव यांची समाधि आहे. ज्या निजामशाही दरबाराची त्यांनीं चाकरी केली होती, त्याच दरबारीं १६२९ सालीं पुत्र व नातू यांसह त्यांची हत्या झाली. मुलांस ही कटु हकीकतहि सांगावी. शौर्याची किंमत घरच्यांस मोजावी लागते, हें त्यांस कळावें.

ती किंमत आजहि चुकलेली नाहीं. १४ फेब्रुवारी २०१९ रोजीं पुलवामा येथें केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान कामीं आले. त्यांत दोघे याच जिल्ह्याचे, एक मलकापूरचा व एक लोणार तालुक्यांतला.

आपण युद्धाची स्तुति करीत नाहीं. तथापि मिस्सामध्यें कम्युनियनपूर्वीं आपण आपली अपात्रता कबूल करितों, ते शब्द मूळचे कफर्णहूम येथील एका रोमी शताधिपतीचे आहेत. आणि तो आपल्या आजारी चाकरासाठीं याचना करीत होता. दुसऱ्याची काळजी वाहणें हीच शिपायाची खरी थोरवी होय.

म्हणून विनंति एवढीच कीं, मुलांबाळांसह एकदां सिंदखेडास जावें. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनीं, धर्मभेद न करितां, कामीं आलेल्या जवानांसाठीं प्रार्थना करावी. आणि गांवांत कोणा जवानाची विधवा वा वृद्ध आईबाप असतील, तर त्यांच्या घरीं जाऊन विचारपूस करावी.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.