गाठीच्या तुकड्याची निगा
(संस्थेच्या वार्षिक सभेत ओतूर येथे एका विकृतिशास्त्रज्ञांनी केलेले भाषण)



कांदा चाळीत कसा राखावा, हे मी ओतूरच्या शेतकऱ्यास सांगण्याची आवश्यकता नाही. ओल लागली, वारा अडला, की माल हातचा जातो. तपासणीसाठी काढलेल्या गाठीच्या तुकड्याचेही तसेच आहे. मात्र तो बिघडल्याचे वरून दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी एका भगिनीच्या स्तनातील गाठीचा छोटा तुकडा माझ्याकडे आला. तो शनिवारी दुपारी काढलेला होता. बाटलीत फॉर्मॅलिनऐवजी सलाइन होते आणि नातेवाईक एस.टी.ने पुण्यास पोहोचले ते सोमवारी. कर्करोगाचे निदान झाले. परंतु इस्ट्रोजेन ग्राहीसाठी केलेले रंजन कोरे निघाले. शेजारच्या निरोगी दुग्धग्रंथींतील काही पेशी तरी रंगावयास हव्या होत्या. त्याही रंगल्या नाहीत, म्हणून शंका आली. पुढे मुख्य शस्त्रक्रियेतील गाठ वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये ठेवून तपासली, तेव्हा ग्राही स्पष्ट दिसले. पहिला अहवाल तसाच दिला असता, तर टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त आणि गुणकारी गोळी त्या भगिनीस कोणी दिलीच नसती.

असे का होते? रक्तपुरवठा तुटताच पेशीतील विकरे पेशीचीच प्रथिने पचवू लागतात. उन्हाळ्यात अधिक वेगाने. ही क्रिया फॉर्मॅलिन थांबविते. ऊतके टिकविण्याचा त्याचा हा गुण जर्मनीतील फर्डिनांड ब्लुम यांनी १८९३ साली जगापुढे मांडला. द्रावण दहा टक्के व उदासीन असावे, तुकड्याच्या किमान दहापट असावे. ते ताशी साधारण एक मिलिमीटरच आत शिरते. म्हणून मोठी गाठ छेद देऊनच बुडवावी. तुकडा तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि तेथे सहा ते बहात्तर तास राहावा, असा दंडक आज सर्वत्र मानला जातो. त्याहून फार काळ राहिल्यास प्रथिने एकमेकांत गुंतून रंजकापासून झाकली जातात. काहीजण सद्हेतूने बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात. हे कृपया टाळावे.

मेणाच्या ठोकळ्यातील तुकडा थंड, कोरड्या जागी वर्षानुवर्षे टिकतो. काचपट्टीवरील पातळ छेद मात्र ओल व हवेने काही आठवड्यांत वा महिन्यांत आपली रंगण्याची शक्ती गमावू लागतो. म्हणून मुंबईस टाटा रुग्णालयात दुसरे मत घेण्यास जाताना जुन्या काचपट्ट्यांबरोबर ठोकळाही न्यावा, आणि तो उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. तो रुग्णाचाच ठेवा आहे. प्रयोगशाळेकडून पावती देऊन मागून घ्यावा.

येथील शस्त्रक्रियागृहातील भगिनींना एकच विनंती. बाटलीवर नावाबरोबर दोन वेळा लिहाव्यात : तुकडा काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची. आणि शनिवारची बाटली नातेवाइकांच्या पिशवीत न देता, त्याच दिवशी आपल्या माणसाहाती प्रयोगशाळेत पाठवावी.