ताबा आणि स्वामित्व

हेब्बाळ येथे सापडलेला एक वीरगळ सुमारे 750 सालचा मानला जातो. गंग राजा श्रीपुरुष याच्या कारकीर्दीत राष्ट्रकूटांच्या स्वारीत किट्टय नावाचा वीर लढताना पडला, असा त्यावरील कन्नड लेखाचा अर्थ अभ्यासक लावतात. भूमी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर त्या काळी तलवारच देत असे. पुढेही तेच चालले. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळूर घेतले व ते शहाजीराजांना जहागीर मिळाले. 1687 मध्ये मोगलांनी ते जिंकले आणि नंतर पैसे घेऊन म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हवाली केले. जिंकणारा तोच धनी, आणि धन्याला विकण्याचाही अधिकार, हे या व्यवहारामागील गृहीत होते.

1809 साली इंग्रजांनी बेंगळूरला छावणी वसविली, ती म्हैसूरशी झालेल्या 1799 च्या तहाच्या आधारे. सैन्यामागून दुकानदार, कारागीर व नोकरचाकर आले. त्यांत तमिळ भाषकांचा भरणा मोठा होता. छावणीचे हळूहळू नगर झाले. 1831 मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचा कारभारच हाती घेतला. 1881 मध्ये राज्य वोडेयर घराण्याला परत मिळाले. छावणीचा कारभार मात्र इंग्रजांकडेच राहिला. तरीही ती ब्रिटिश हिंदुस्थानात विलीन झाली नाही. स्वामित्व म्हैसूरचे, अंमल इंग्रजांचा, ही दुहेरी स्थिती 1947 मध्ये तो भाग म्हैसूरला परत मिळेपर्यंत टिकली.

कायद्याच्या परिभाषेत हा लष्करी ताबा नव्हे. त्याला निदान कागदोपत्री संमती होती. तथापि त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ताबा म्हणजे स्वामित्व नव्हे. आणि सैन्यामागून येणारी वस्ती तात्पुरत्या मुक्कामाला कायमचे रूप देते.

आधुनिक कायद्याने या दोन्हींची दखल घेतली आहे. 1907 च्या हेग नियमांनुसार ताबा घेणारी सत्ता केवळ तात्पुरती व्यवस्थापक ठरते. अगदीच अशक्य नसेल तर तिने तेथील प्रचलित कायदे पाळावयाचे असतात. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे 49 वे कलम त्याही पुढे जाते. अशा प्रदेशात आपल्या नागरिकांना नेऊन वसविण्यास ते मनाई करते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रदेशाचा पूर्वीचा स्वामीच वादग्रस्त असेल तर ताबा कोणाचा हिरावला? 1967 च्या युद्धात घेतलेल्या जॉर्डन नदीच्या पश्चिम तीराविषयी इस्रायलने हाच युक्तिवाद केला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2004 मध्ये तो अमान्य केला. लढणारी दोन्ही राष्ट्रे करारात सामील होती, एवढे करार लागू होण्यास पुरेसे आहे, असे न्यायालयाचे मत पडले. हे नियम राजांच्या हक्कांसाठी नसून तेथे राहणाऱ्या माणसांच्या रक्षणासाठी आहेत. जुलै 2024 मध्ये याच न्यायालयाने तेथील इस्रायलचे अस्तित्वच बेकायदेशीर ठरवून ते शक्य तितक्या लवकर संपविण्यास व वसाहतवाल्यांना हलविण्यास सांगितले. हे मत सल्लावजा आहे; त्याच्यामागे अंमलबजावणीचे बळ नाही.

वस्तीत जन्मलेले मूल त्याच घराला आपले घर म्हणते, आणि त्याचा त्यात काही अपराध नसतो. विस्थापित झालेल्या शेतकऱ्याचा हक्कही त्यामुळे नाहीसा होत नाही. दोन न्याय्य दुःखे अशी समोरासमोर उभी राहिल्यावर कोणताही निवाडा निष्ठुरच ठरतो. म्हणूनच कायदा पहिल्या घराच्या पायाभरणीलाच हरकत घेतो.