हातातले कसब आणि हातातला दाखला
(कर्जत-खालापूर भागातील शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



आम्ही खेड्यातल्या शाळेचे मास्तर. मोटारीचे इंजिन आम्हांस खोलता येत नाही. तरीही मोटार-कारागिरांविषयी बोलावयास उभे राहिलो, कारण या बाबतीत थोडा दोष आमच्याही पदरी आहे. आमच्या शाळेतला एक मुलगा लावणीच्या दिवसांत बापाबरोबर खाचरात राबे. गैरहजेरी वाढली, आणि आम्ही हजेरीपटावरचे त्याचे नाव कमी केले. तो बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीकडे एका गॅरेजात राहिला. त्यास चौदा वर्षे झाली. घाट उतरून आलेल्या ट्रकचे तापलेले ब्रेक तो नुसत्या वासावरून ओळखतो. परंतु मध्यंतरी एका कारखान्याच्या दारात त्यास एकच प्रश्न झाला, "कागद काय आहे?" कागद नव्हता. त्याच्याच हाताखाली पाना धरावयास शिकलेला, पण दाखला असलेला पोरगा आत गेला, आणि हा परत आला.

बंधूंनो, आपल्या लोहार-सुतारांची विद्या भात्यापाशी व वाकसापाशीच शिकली गेली. गाव त्यांस ओळखत होते. नांगर नीट चालला की तोच त्यांचा दाखला. आता काम देणारा परगावचा असतो. त्यास तुमचा हात दिसत नाही, कागद दिसतो. मग कागदास शिव्या देऊन काय होणार? तो मिळविलाच पाहिजे.

ही मागणी नवी नव्हे. 1882 साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी म्हटले होते की, खासगी अभ्यास करणाऱ्यांस विद्यापीठाने वरच्या परीक्षांनाही बसू द्यावे. कोठे शिकलास हे विचारू नका, काय येते ते तपासा, हाच त्यातला न्याय. 2013 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला, त्यात काम करता करता मिळविलेल्या ज्ञानासही जागा दिली. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'पूर्वज्ञानास मान्यता' अशी वाट निघाली. तीत कारागिराने आधी थोडे मार्गदर्शन घ्यावयाचे, मग परीक्षकापुढे काम करून दाखवावयाचे व प्रश्नांची उत्तरे द्यावयाची. उतरला तर दाखला मिळतो.

दुसरी वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे आपल्या आयटीआयची. तेथील मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, व दहावीनंतरचा आहे. अनुभवी कारागिरास अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेस खासगी उमेदवार म्हणून बसण्याचीही तरतूद आहे. अनुभव किती वर्षांचा हवा, शाळा कितवीपर्यंत हवी, फी किती, हे तालुक्याच्या संस्थेत स्वतः जाऊन विचारा. दलालाच्या हाती पैसा देऊ नका. परीक्षेवाचून दाखला देतो म्हणणारा मनुष्य तुम्हांस लुबाडावयासच आलेला आहे.

मात्र एक गोष्ट गोड करून सांगणार नाही. पूर्वज्ञानाचा दाखला म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा दाखला नव्हे. काही मालक दुसराच मागतील. शिवाय हातास जे येते ते सगळेच परीक्षेस पुरत नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या. त्यांचा दोष पुष्कळदा सेन्सरमध्ये असतो, आणि तो कानाने ऐकू येत नाही. स्कॅनर लावून वाचावा लागतो, वायरिंगचा नकाशा समजावा लागतो. ज्यास अक्षरांचा कंटाळा, त्याचा पाना लवकरच गंजेल.

म्हणून आजपासून एक वही करा. कोणत्या दिवशी, कोणती गाडी, काय दोष, काय केले, हे रोज दोन ओळींत लिहा. गॅरेजमालकाकडून अनुभवाचे पत्र मागा. वर्षानुवर्षे राबलेल्या माणसाने ते मागण्यात लाज नाही. भगिनींनो, घरातले शाळेचे दाखले ट्रंकेत कोरडे ठेवा.

आणि आमच्याकडून इतके: जो कारागीर संध्याकाळी शाळेत येईल, त्यास अर्ज भरणे, प्रश्न वाचणे व उत्तर लिहिणे आम्ही शिकवू. तो आमचा जुना विद्यार्थी गेल्या सोमवारपासून येत आहे. आम्ही खोडलेले नाव आमच्याच हाताने पुन्हा वहीत लिहिले. त्याच्याखालच्या ओळी रिकाम्या आहेत. त्या तुम्ही भराव्यात.