गुप्तता आणि गोपनीयता

लैंगिक संबंधांतून जडणाऱ्या विकारांना मराठीत ‘गुप्तरोग’ असे नाव रूढ झाले आहे. हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात शरीराच्या झाकलेल्या भागाचा विचार असावा. परंतु कालांतराने समाजाने रोगाबरोबर रोग्यालाही झाकून टाकले. वास्तविक रोगजंतूला लाज नसते, आणि लाजेने तो मरतही नाही. उलट, जेथे बोलणे बंद असते तेथेच तो निर्वेधपणे वाढतो. पुरुषांविषयी आकर्षण असणाऱ्या पुरुषांच्या, म्हणजे समलिंगी पुरुषांच्या, बाबतीत ही गोष्ट विशेष तीव्रतेने प्रत्ययास येते. कारण त्यांना रोग लपवावा लागतो, आणि त्याआधी स्वतःलाही लपवावे लागते.

बडोद्याच्या वाडीसारखी वस्ती डोळ्यांसमोर आणावी. जुन्या शहराचा हा भाग दाट वस्तीचा. गायकवाडांच्या काळापासून मराठी आणि गुजराती कुटुंबे येथे भिंतीला भिंत लावून राहत आली. अशा वस्तीत एका घरी पाहुणा आला तर चार घरांना कळते. आजारपणात, लग्नकार्यात, मर्तिकात ही जवळीक मोठा आधार ठरते. परंतु आपले मन इतरांहून वेगळे आहे हे उमगलेल्या तरुणाला तीच जवळीक पहाऱ्यासारखी वाटू लागते. तो गल्लीतल्या डॉक्टरांकडे जात नाही, कारण त्याच्या वडिलांचा रक्तदाब तेच तपासतात. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून तो निरोध घेत नाही, कारण दुकानदार त्याच्या मामाचा स्नेही असतो. धीर करून तो मोठ्या रुग्णालयात गेलाच, तर खरी हकीकत सांगत नाही. आणि हकीकत अपुरी असली की तपासणीही अपुरी होते.

या अपुरेपणाची किंमत मोठी आहे. उपदंशाचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही, आणि काही आठवड्यांत तो आपोआप भरूनही येतो. रोग गेला असे रोग्याला वाटते. प्रत्यक्षात तो रक्तात मुरलेला असतो. साध्या रक्तचाचणीने तो ओळखता येतो आणि पेनिसिलिनने बराही होतो, पण त्यासाठी चाचणी व्हावी लागते. परम्याचा संसर्ग घशात किंवा गुदमार्गात झाला तर पुष्कळदा काहीच लक्षण दिसत नाही. विचारल्यावाचून आणि सांगितल्यावाचून तो सापडायचा नाही. शिवाय असे व्रण आणि दाह एचआयव्हीच्या विषाणूला शरीरात शिरण्याची वाट मोकळी करून देतात. भारतातील प्रौढांमध्ये एचआयव्हीबाधितांचे प्रमाण हजारी सुमारे २ आहे. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये मात्र ते शेकडा ३ हून अधिक आढळले. आणि हा प्रश्न त्यांच्यापुरताच राहत नाही. घरच्यांच्या आग्रहाने यांपैकी अनेकांची लग्ने होतात. ज्या पत्नीला कशाचीच कल्पना नसते, तिच्यापर्यंत आणि कदाचित तिच्या पोटातील बाळापर्यंत संसर्ग पोहोचू शकतो.

मग या माणसांपर्यंत पोहोचावे कोणी? याचे उत्तर प्रथम त्यांच्यातूनच आले. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये मुंबईत हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. मुंबई महापालिकेने वाकोल्याच्या आपल्या इमारतीत या संस्थेला जागा दिली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे २००० मध्ये गुजरातेत राजपिपळ्याच्या राजघराण्यातील मानवेंद्रसिंह गोहिल यांच्या पुढाकाराने लक्ष्य ट्रस्ट उभा राहिला, आणि बडोद्यासह सुरत, राजकोट या शहरांत काम सुरू झाले. २००६ मध्ये गोहिल यांनी एका गुजराती दैनिकातून आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले, तेव्हा राजपिपळ्यात त्यांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या. परंतु एका माणसाने उघडपणे बोलण्याचे धाडस केल्याने अनेकांना, निदान कानात तरी, बोलण्याचा धीर आला.

या कामाची पद्धत साधी आहे. कार्यकर्ता त्याच समूहातला असतो. जेथे ही माणसे भेटतात, त्या बागेत, स्थानकाजवळ आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावरही, तो स्वतः जातो. प्रथम ओळख होते, मग विश्वास बसतो आणि त्यानंतरच आरोग्याचा विषय निघतो. तो निरोध देतो आणि त्याबरोबर एक अशी गोष्ट सांगतो, जी भित्तिपत्रकावर क्वचितच छापली जाते: खोबरेल तेलाने किंवा व्हॅसलिनने रबरी निरोध कमकुवत होऊन फाटतो, म्हणून तेलविरहित, पाण्यावर आधारलेले वंगणच वापरावे. चाचणीच्या दिवशी तो रुग्णालयाच्या रांगेत सोबत उभा राहतो. बडोद्याला ही रीत अपरिचित वाटू नये. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१० नंतर, ग्रंथांच्या पेट्या खेडोपाडी धाडून फिरती वाचनालये चालवण्यात आली. वाचक ग्रंथालयापर्यंत येत नसेल तर ग्रंथाने वाचकाकडे जावे, हा त्यामागचा विचार होता. आरोग्याच्या ज्ञानालाही तोच न्याय लागू पडतो.

या मार्गात कायद्याचीच आडकाठी होती. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ मुळे समलिंगी संबंध गुन्हा ठरत. २००१ मध्ये लखनौ येथे एड्स प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच पोलिसांनी अटक केली. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात विलक्षण देखावा दिसला: एकाच सरकारचे गृह खाते या कलमाचे समर्थन करीत होते, तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना सांगत होती की या कलमाच्या धाकाने माणसे भूमिगत होतात आणि प्रतिबंध अशक्य होतो. २००९ मध्ये त्या न्यायालयाने परस्परसंमतीचे खाजगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने प्रौढांच्या संमतीचे संबंध अखेर निर्दोष ठरवले.

त्याच सप्टेंबरात आणखी एक कायदा अमलात आला, त्याची चर्चा मात्र थोडी झाली. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्सविषयक अधिनियमाने असे बंधन घातले, की माणसाच्या जाणत्या संमतीवाचून चाचणी करू नये, त्याच्या संमतीवाचून निकाल उघड करू नये, आणि बाधित म्हणून त्याला नोकरी, शिक्षण वा उपचार नाकारू नयेत. गुप्तता आणि गोपनीयता यांतील भेद येथेच स्पष्ट होतो. गुप्तता भीतीतून येते आणि माणसाला वैद्यापासून दूर ठेवते. गोपनीयता विश्वासातून येते आणि त्याला वैद्यापर्यंत पोहोचवते. पहिली मोडायची आणि दुसरी प्राणपणाने जपायची, हेच या कामाचे मर्म होय. वाडीसारख्या वस्तीत एका कर्मचाऱ्याच्या तोंडून एक नाव निसटले, तर त्या केंद्राची पायरी चढू पाहणारे कितीतरी जण परत फिरतील.

आज परत फिरण्यासारखी वैद्यकीय परिस्थितीही उरलेली नाही. एचआयव्हीवरील औषधे सरकारी केंद्रांतून २००४ पासून विनामूल्य मिळतात, आणि २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका घटला आणि तसाच राहिला, तर त्या व्यक्तीपासून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. संसर्गाचा प्रसंग घडला असेल तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करता येते. ज्याला धोका वारंवार संभवतो, त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीपासूनच प्रतिबंधक गोळ्या घेता येतात. कावीळ ‘ब’ वर लस आहे. १०९७ या दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगता विनामूल्य माहिती मिळते.

साधने आहेत, औषधे आहेत, कायदाही आता आडवा येत नाही. उरते ते गल्लीचे मन. मुलगा काही सांगू पाहत असेल तर त्याला अर्ध्यावर न तोडणारे आईवडील, हकीकत ऐकून कपाळाला आठी न घालणारे डॉक्टर, आणि ऐकलेले पोटात ठेवणारा शेजारी, ही प्रतिबंधाची अशी साधने आहेत, जी कोणत्याही सरकारी भांडारातून मिळत नाहीत. ती प्रत्येक वाड्याला आपल्या घरातूनच पुरवावी लागतील.