दुर्बिणीआधी काळोख हवा

हौशी आकाशनिरीक्षकाला लोक पहिल्यांदा विचारतात, 'तुमची दुर्बीण केवढी?' आज ज्या दीर्घिकेबद्दल मी बोलणार आहे, तिच्यापुढे हा प्रश्न दुय्यम ठरतो. तिला मोठ्या दुर्बिणीपेक्षा काळोख अधिक लागतो.

ही दीर्घिका म्हणजे त्रिकोण तारकासमूहातली 'एम ३३'. फ्रेंच निरीक्षक शार्ल मेसिए यांनी ऑगस्ट १७६४ मध्ये ती पाहिली आणि आपल्या यादीत तिला ३३वा क्रमांक दिला. तिचं अंतर सुमारे २७ लाख प्रकाशवर्षं, तारे अंदाजे ४,००० कोटी. तिची तेजस्विता ५.७ प्रतीची, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या अगदी सीमेवर. मग शहरातून चांगल्या दुर्बिणीतही ती का सापडत नाही?

चमचाभर तूप एका भाकरीवर घातलं तर चकाकतं. तेच सगळ्या पंगतीच्या भाकऱ्यांना पुसलं, तर तूप लावलंय हे सांगावं लागतं! एम ३३ चा प्रकाश असाच पौर्णिमेच्या चंद्रबिंबाहून मोठ्या जागेवर पसरला आहे. दुर्बीण प्रकाश जास्त गोळा करते खरी, पण प्रतिमाही मोठी करते. त्यामुळे अशी पसरट वस्तू मोठी दिसते, मात्र नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहून उजळ होत नाही. मागचं आकाशच दिव्यांनी पांढुरकं झालं, तर ती त्यात विरघळून जाते.

तेव्हा कार्तिक-मार्गशीर्षात, अमावास्येच्या आसपास, गावाच्या दिव्यांपासून दूर जावं. रात्री आठ-नऊच्या सुमारास ती जवळजवळ डोक्यावर असते. देवयानी समूहातल्या मिराक ताऱ्याच्या एका बाजूला प्रसिद्ध देवयानी दीर्घिका आहे. साधारण तितक्याच अंतरावर, विरुद्ध बाजूला एम ३३. साधी '१० बाय ५०' बायनॉक्युलर पुरते. दुर्बीण असेल तर कमी वर्धनाची नेत्रिका लावा.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात कुणी मोबाइल उघडला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! नकाशा पाहायला मंद लाल दिवा वापरा. आणि दीर्घिकेकडे रोखून बघू नका. नजर जराशी बाजूला ठेवा. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर नसतात, त्याच्या सभोवती असतात. मग हळूहळू एक फिकट, लांबट धूसरपणा जाणवू लागतो. सहा-आठ इंची दुर्बिणीतून त्यात एक छोटा ठिपकाही दिसतो. तो 'एनजीसी ६०४', ताऱ्यांचा जन्म होत असलेला अवाढव्य तेजोमेघ.

फोटोतल्यासारखे रंग, सर्पिल बाहू दिसले नाहीत म्हणून नाराज होऊ नका. तो पुसटसा डाग म्हणजे २७ लाख वर्षं प्रवास करून आलेला प्रकाश आहे. एवढं अंतर कापून आलेला हा पाहुणा आपल्या अंगणातल्या दिव्यामुळे दारातून परत जातो. शहरात वाढणाऱ्या कितीतरी मुलांनी तर आकाशगंगेचा पट्टाही पाहिलेला नाही.

यावरचा उपाय मात्र आपल्या हातात आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या परिसरात दिव्यांचा झोत जमिनीकडे वळवला गेला. आपल्या सोसायटीतही हे जमण्यासारखं आहे. दिव्याला वरून झाकण घाला, गरज संपली की तो मालवा. विजेचं बिल उतरेल आणि आकाशही थोडं परत मिळेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)