शेवटच्या दिवशीचे देणे



मरण समोर आले की माणूस एकटा उरतो, असे आपण म्हणतो. मला ते पुरते पटत नाही. ख्रिस्तपूर्व ३९९ साली अथेन्सच्या न्यायसभेने सॉक्रेटिसाला देहान्ताची शिक्षा दिली. त्याच्या अखेरच्या दिवसाची हकिकत प्लेटो या त्याच्या शिष्याने ‘फीडो’ या संवादात लिहिली आहे. आत्मा अमर आहे काय, यावर सॉक्रेटिस मित्रांशी दिवसभर बोलला. मग प्रेताला आंघोळ घालण्याचे कष्ट बायकांना पडू नयेत म्हणून तो स्वतःच स्नान करून आला. मुलांना व घरच्या बायकांना भेटून त्याने निरवानिरव केली. विष प्याल्यावरही आठवण झाली ती वैद्यदेवाला द्यायच्या राहिलेल्या कोंबड्याची!

त्याच्या युक्तिवादांहून मला ही आठवण मोठी वाटते. शेवटच्या श्वासापर्यंत माणूस कोणाचे तरी देणे लागतो. म्हणूनच तो माणूस असतो. आपण मात्र मायेपोटी आजाऱ्यापासून त्याचे दुखणे लपवतो, आणि त्याचे सांगणे-सवरणे राहून जाते. तेव्हा भगिनींनो, “काही होत नाही तुम्हांला” म्हणून त्याला गप्प करू नका. “काही सांगायचे आहे का?” एवढे विचारा, आणि जवळ बसून ऐका.